शतरंजचा जुना डाव आणि नवा डाव

वाचकहो, वार्षिकाच्या या पानांवर दरवर्षी शिक्षण, शिष्यवृत्ती, निकाल यांविषयी लिहिले जाते. यंदा थोडे निराळे लिहावयाचे योजिले आहे. विषय आहे पटावरच्या खेळाचा. पालकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. शेवटपर्यंत वाचल्यास हा विषय शिक्षणाबाहेरचा नाही हे त्यांच्या ध्यानात येईल.

अमरावती, अकोला, अचलपूर, बाळापूर यांपैकी कोणत्याही गावच्या मोहल्ल्यात जा, एक वाद हटकून ऐकू येईल. घरातले बुजुर्ग म्हणतात, खरी शतरंज आमच्या वेळची. प्यादे एक घर चालायचे, डाव सावकाश रंगायचा, माणूस विचार करायचा. आता काय, तीन मिनिटांत सारा खेळ खलास! नातू म्हणतो, दादाजान, तुमच्या नियमांनी आज जगात कोणीच खेळत नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. मात्र हा वाद फार जुना आहे आणि प्रत्येक वेळी तो जवळजवळ याच शब्दांत झालेला आहे, याची दोघांनाही कल्पना नसते.

प्रथम बगदादकडे वळू. हिंदुस्थानातला चतुरंग इराणात गेला, तेथे त्याचे चतरंग झाले आणि अरबांनी त्याला शतरंज म्हटले. फिर्दौसीच्या शाहनाम्यात हिंदच्या राजाने नौशेरवानाच्या दरबारी हा पट कसा धाडला, त्याची कथा आहे. कथा म्हणूनच ती वाचावी. अब्बासी खलिफांच्या काळात मात्र या खेळाने जे वैभव पाहिले, ते कथा नसून इतिहास आहे. नवव्या शतकातल्या अल-अदलीने शतरंजवर ग्रंथ लिहिला आणि खेळाडूंच्या पायऱ्या ठरविल्या. पुढे खलिफा अल-मुक्तफीच्या दरबारात, म्हणजे ९०२ ते ९०८ च्या दरम्यान, अस-सूलीने दरबारच्या नामांकित खेळाडूला हरविले. हा अस-सूली नुसता खेळाडू नव्हता. तो इतिहासकार आणि अदीब होता, शाहजाद्यांचा उस्ताद होता. त्याने मागे ठेवलेला एक कूटप्रश्न सुमारे हजार वर्षे कोणाला सुटला नव्हता. तो १९८० च्या दशकात युरी आवेरबाख या रशियन ग्रँडमास्टरने सोडविला.

त्या शतरंजचा वजीर, म्हणजे फर्जी, तिरपे एकच घर चाले. आपल्या उंटाच्या जागी तेथे फील म्हणजे हत्ती असे आणि तो तिरपी दोन घरे उडी मारी. आपल्या हत्तीच्या जागी रुख असे आणि तोच काय तो लांब पल्ल्याचा मोहरा. साहजिकच दोन्ही फौजांची गाठ पडायला बराच वेळ लागे. खेळाडू आरंभीच्या खेळ्या करून आपापली ठरलेली व्यूहरचना उभी करीत. तिला ते तबिया म्हणत. आजचे ग्रँडमास्टरही परिचित स्थितीला हाच अरबी शब्द वापरतात. शह आणि मात हे शब्द आपण मराठीत रोज उच्चारतो, तेही याच वाटेने आलेले.

येथे काही पालकांच्या मनात एक प्रश्न उभा राहील. तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. शतरंजविषयी फुकहांमध्ये मतभेद होते व आहेत. शाफई मताच्या अनेक आलिमांनी पैज नसावी, नमाज चुकू नये अशा अटींवर मोकळीक दिली. हनफी मताच्या आलिमांनी बहुधा नापसंतीच दर्शविली. इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर बंदी आली आणि १९८८ साली आयतुल्ला खुमैनी यांनी पैजेविना खेळण्यास परवानगी दिली. ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही येथे इतिहास सांगत आहोत, फतवा देत नाही.

हाच खेळ अंदलुसच्या वाटेने स्पेनमध्ये पोहोचला आणि तेथे १४७५ च्या सुमारास मोठी उलथापालथ झाली. फर्जीची जागा आधीच राणीने घेतली होती. आता तिला पटभर सर्व दिशांनी धावण्याची मुभा मिळाली. फीलही तिरप्या रेषेत हवा तितका लांब जाऊ लागला. महिना पुरणारा प्रवास आगगाडीने रातोरात उरकावा, तसे खेळाचे झाले. जुन्या मंडळींना हे रुचले नाही. फ्रान्स आणि इटलीत या नव्या खेळाला पिसाळलेल्या राणीचा खेळ असे नाव पडले. नावातच टोमणा आहे, हे सांगावयास नको. १४९७ साली सालामांका येथे लुसेना नावाच्या विद्यार्थ्याने छापलेल्या ग्रंथात जुन्या नियमांचे आणि नव्या नियमांचे असे दोन्ही प्रकारचे कूटप्रश्न शेजारी शेजारी दिलेले आहेत. म्हणजे दादाजान आणि नातू दोघेही त्या एका पुस्तकात बसलेले आहेत! त्यानंतर थोड्याच काळात युरोपात जुना खेळ मागे पडला. स्पॅनिश भाषेत मात्र उंटाला आजही अल्फिल, म्हणजे अल-फील, म्हणतात. बोलणाऱ्यांपैकी किती जणांना त्यातला हत्ती ठाऊक असेल, अल्ला जाणे.

खेळ बदलणे हे पाश्चात्त्यांचेच काम, असा समज कोणी करून घेऊ नये. खुद्द अकबर बादशहाला खेळांचे नियम बदलण्याची हौस होती. अबुल फज्लने आईन-ए-अकबरीत लिहून ठेवले आहे की, बादशहाने गंजिफाच्या पानांत फेरफार केले आणि चौपटावरून चंदल-मंदल नावाचा नवा खेळ काढला. सोळा खेळाडू आणि चौसष्ट सोंगट्या! तो काही टिकला नाही. बादशहाने काढलेला खेळही लोकांनी उचलला तरच टिकतो. साधा चौसर मात्र टिकला. इंग्लंडात १८९६ साली त्याच घराण्यातल्या पचिसीचे लुडो म्हणून पेटंट घेतले गेले, तोच लुडो पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे परत आला आणि आता मोबाईलवर बसला आहे. गंजिफाची कथा याच्या उलट. हाताने रंगविलेली शहाण्णव गोल पाने एकीकडे आणि यंत्रावर छापलेली बावन्न पाने दुसरीकडे. छापील पत्ते घरोघर गेले आणि गंजिफा सावंतवाडीसारख्या मोजक्या ठिकाणच्या कारागिरांपाशी उरली. तेथे कोणता खेळ अधिक चांगला हा प्रश्नच आला नाही. कोणता स्वस्त, एवढेच पाहिले गेले.

आता आपल्या देशी शतरंजकडे वळू. वाद खरा तिचाच आहे. विद्यार्थ्यांनी हे नियम लक्षपूर्वक वाचावेत, कारण ते सांगणारी माणसे आता थोडी राहिली आहेत. वजीर आणि उंट यांना आपल्याकडेही लांब चाल मिळाली होती. परंतु प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. राजाला डावातून एकदा, शह बसण्यापूर्वी, घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. इंग्रजी पद्धतीचे किल्लेकोट त्या जागी नव्हते. प्यादे पलीकडच्या टोकाला पोहोचले की हवा तो मोहरा मिळत नसे. ज्या घराच्या रांगेत ते पोहोचले, त्या घरचा मोहरा व्हावयाचा. घोड्याच्या रांगेत गेले तर घोडा, हत्तीच्या रांगेत गेले तर हत्ती. काही ठिकाणी आरंभी दोन्ही पक्ष एकदम अनेक खेळ्या करून मांडणी करून घेत आणि मग खरा डाव सुरू होई. समोरच्याचा नुसता राजा उरला तर त्याचा हिशेब वेगळा. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. तपशील गावागणिक बदलत. हैदराबादचा खेळाडू लखनौला गेला तर आधी नियम ठरवावे लागत. ही गैरसोय होती आणि तीतली गोडीही होती. प्याद्याच्या चालीत घाई नसल्याने मध्यडावातली झुंज आणि अखेरचा हिशेब यांत आपले उस्ताद फार तयार होत. कोणती रांग धरून प्यादे न्यावे, याचा विचार वीस-वीस खेळ्या आधी करावा लागे. आजच्या खेळात त्या विचाराला जागाच नाही. बुजुर्गांचे म्हणणे येथे खरे आहे आणि ते आम्ही मनापासून मान्य करतो.

मुन्शी प्रेमचंद यांची शतरंजच्या खेळाडूंची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. १९७७ साली सत्यजित राय यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यात एक मुन्शीजी दोघा नवाबसाहेबांना इंग्रजी नियम समजावून सांगतात. प्यादे पहिल्यांदा दोन घरे जाते, वजिराच्या जागी मलिका असते, डाव लवकर संपतो. नवाबसाहेबांना त्याची गंमत वाटते. चित्रपटाच्या अखेरीस, अवध इंग्रजांच्या ताब्यात जात असताना, तेच दोघे पुन्हा पट मांडतात तो इंग्रजी पद्धतीने. अवध गेले १८५६ साली. आपला वऱ्हाड त्याआधी तीन वर्षे, १८५३ च्या तहाने, निजामाकडून कंपनीच्या हाती गेला होता. आगगाडी आली, कापसाच्या गाठी मुंबईला जाऊ लागल्या, कचेऱ्यांतून इंग्रजी वर्ष आणि इंग्रजी घड्याळ सुरू झाले. खेळ तेवढा जुना राहावा अशी अपेक्षा धरणे कठीणच.

चित्रपट पाहून असे वाटते की, आपल्या लोकांनी नवे नियम केवळ लादले म्हणून घेतले. इतिहास वेगळे सांगतो. मुंबईत १८१४ साली बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. त्याचा कर्ता तिरुवेंगडाचार्य शास्त्री नावाचा पंडित होता. त्याने आपल्या संस्कृत ग्रंथातील कूटडाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले होते. मद्रासचे गुलाम कासिम यांचे उदाहरण आम्हांला त्याहूनही मोलाचे वाटते. १८२८-२९ साली मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांमध्ये पत्राने बुद्धिबळाचे सामने झाले. तेव्हा आपला वऱ्हाड हैदराबादच्याच अंमलाखाली होता. मद्रासच्या बाजूने गुलाम कासिम खेळले आणि १८२९ साली त्यांनी जेम्स कॉक्रेन यांच्यासह त्या डावांचे आणि युरोपीय खेळातील एका आरंभाचे विवेचन इंग्रजीत छापून प्रसिद्ध केले. युरोपीय खेळाविषयी एका हिंदी मुसलमानाने इंग्रजीत लिहावे, आणि तेही १८२९ साली! आमच्या शाळांतून हे नाव विद्यार्थ्यांच्या कानावर पडत नाही, याचे वाईट वाटते.

कलकत्त्याला १८४८ च्या सुमारास जॉन कॉक्रेन या बॅरिस्टरला मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचा खेळाडू भेटला. देशी शतरंजमध्ये मुरलेला हा माणूस इंग्रजी नियमांनी खेळतानाही प्यादी एकेक घरच सरकवी आणि उंटाला कोपऱ्याच्या बाजूने लांब रेषेवर बसवी. हे डाव कॉक्रेनने विलायतेस धाडले. तिकडच्या विद्वानांना ही पद्धत विचित्र वाटली. पुढे विसाव्या शतकात त्याच मांडणीला इंडियन डिफेन्स हे नाव मिळाले आणि विश्वविजेते ती खेळू लागले. म्हणजे जुना खेळ गेला असे आपण म्हणतो, परंतु त्याची चाल नव्या खेळात जिवंत आहे.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहिण्यास घेतला, त्या सुलतान खान यांच्याकडे येतो. पंजाबातल्या सरगोधा भागातील मिठा टिवाना येथले हे गृहस्थ वडिलांकडून देशी शतरंज शिकले. सर उमर हयात खान या जमीनदाराने त्यांना आश्रय दिला आणि युरोपीय नियम शिकविण्याची व्यवस्था केली. १९२८ साली ते अखिल हिंदुस्थानची स्पर्धा जिंकले. १९२९ च्या वसंतात सर उमर त्यांना घेऊन लंडनला गेले. तेथे विंटर आणि येट्स या दोघा इंग्रज खेळाडूंनी त्यांना आरंभाच्या खेळ्या दाखविल्या आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे सुलतान खान ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले! १९३२ आणि १९३३ साली त्यांनी ते पुन्हा मिळविले. हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी विश्वविजेता कापाब्लांका याला त्यांनी हरविले. १९३१ साली तार्ताकोवरला सामन्यात नमविले आणि प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून रुबिनस्टाइनला मात दिली.

हे सारे साधारण पाच वर्षांत घडले. यातली अडचण कोणती होती, ती नीट समजून घेतली पाहिजे. त्यांचे प्रतिस्पर्धी लहानपणापासून जर्मन आणि इंग्रजी पुस्तके वाचून आरंभीच्या पंधरा खेळ्या तोंडपाठ करून येत. सुलतान खान यांचा हात त्या पुस्तकांपर्यंत पोहोचत नव्हता. डावाच्या आरंभी ते मागे पडत, मध्यडावात सावरत आणि अखेरच्या डावात देशी शतरंजमध्ये कमावलेल्या सबुरीने जिंकत. पुष्कळ पाश्चात्त्य लेखकांनी त्यांना निरक्षर आणि नोकर म्हणून रंगविले. त्यांच्या वंशजांनी याला हरकत घेतली आहे आणि ती योग्यच वाटते. एखाद्याला इंग्रजी येत नाही म्हणून त्याला निरक्षर म्हणण्याची खोड साहेबाची होतीच, आपल्यातही ती कमी नाही. खोट होती ती त्यांच्या भाषेत उपलब्ध नसलेल्या पुस्तकांची. शंभर वर्षांपूर्वी मद्रासच्या गुलाम कासिमांपाशी जे होते, ते सरगोध्याच्या सुलतान खानांपाशी नव्हते, आणि जुना-नवा खेळ या वादापेक्षा हा फरक आम्हांला कितीतरी मोठा वाटतो.

विलायतेची थंडी त्यांना मानवली नाही. मलेरिया आणि घशाचे दुखणे पाठीशी असे, गळ्याला पट्ट्या गुंडाळून ते डावाला बसत. १९३३ च्या अखेरीस ते मायदेशी परतले. १९३५ साली आपल्या मराठी मुलखातले त्या काळचे नामवंत खेळाडू वि. का. खाडिलकर यांच्याशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांना एक डाव बरोबरीत सोडविता आला, बाकीचे नऊ सुलतान खान जिंकले. मग ते मोठ्या स्पर्धांतून दिसेनासे झाले. १९६६ साली सरगोध्यास त्यांचे निधन झाले. ग्रँडमास्टर हा किताब जागतिक संघटनेने त्यांना दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

त्याच उमर हयात खानांच्या घरात फातिमा नावाची मुलगी होती. तीही शतरंज शिकली. १९३३ साली हेस्टिंग्ज येथेच, सुलतान खान ब्रिटिश विजेते झाले तेव्हा, ब्रिटिश महिला अजिंक्यपद मिस फातिमाने मोठ्या फरकाने जिंकले. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. मराठी मुलखात चार दशकांनंतर खाडिलकर भगिनी पुढे आल्या. रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा गहजब झाला. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांनी स्त्री म्हणून कोणाला अडविता येणार नाही असा निर्वाळा दिला. आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा तिचे वय एकोणीस होते. नागपूर आपल्यापासून किती लांब आहे? अकोल्याहून सकाळी गाडीत बसले तर दुपारच्या जेवणाला पोहोचता येते.

आमच्या शेजारच्या भोपाळचेही एक नाव सांगितले पाहिजे. मोहम्मद रफीक खान हे सुतारकाम करणारे गृहस्थ. माल्टा येथील १९८० च्या ऑलिंपियाडमध्ये त्यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. रंधा आणि करवत चालविणाऱ्या हातांनी!

जुन्या खेळाला जगात मान मिळावयाचा तर एक नियमावली लागते, हे आपल्या अमरावतीला पूर्वीच कळले होते. १९१४ साली स्थापन झालेल्या येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखविले. गावोगाव निरनिराळ्या तऱ्हेने खेळला जाणारा हुतूतू कबड्डी म्हणून उभा राहिला, त्यामागे नियम लिहून काढणाऱ्यांची मेहनत आहे. देशी शतरंजचे नियम कोणी एकत्र करून रूढ केले नाहीत. १९५१ साली अखिल भारतीय बुद्धिबळ संघटना स्थापन झाली, १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, तीत आपले रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले, आणि हे सारे आंतरराष्ट्रीय नियमांनी चालले. देशी डाव घराच्या ओट्यावर राहिला.

इंग्रज विद्वान मरे याने १९१३ साली बुद्धिबळाचा प्रचंड इतिहास प्रसिद्ध केला. त्यासाठी तो मुद्दाम अरबी शिकला, कारण अल-अदली आणि अस-सूली यांचे लेखन त्याला मुळातून वाचावयाचे होते. आमच्या मदरशांतून अरबी शिकलेली कितीतरी मुले आहेत. त्यांच्यापैकी कोणी अस-सूली वाचला आहे काय? आणि आपल्या आजोबांचे नियम वहीत उतरवून घेतलेला एक तरी विद्यार्थी वऱ्हाडात निघेल काय? पुढील वर्षीच्या अंकासाठी असे टिपण आल्यास संपादक मंडळ ते आनंदाने छापील, अशी आमची खात्री आहे. कोणत्या गावचा नियम, राजाची उडी केव्हा, नुसता राजा उरल्यास काय, हे सारे त्यात यावे.

नातवाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगावयाची राहिली. आरंभीच्या खेळ्या पाठ करण्याचा कंटाळा आता खुद्द मोठ्या खेळाडूंनाच आला आहे. १९९६ साली बॉबी फिशरने मागच्या रांगेतले मोहरे दर डावाला वेगळ्या क्रमाने मांडावयाचे, असा प्रकार सुचविला, आणि आज त्याच्या मोठ्या स्पर्धा भरतात. पाठांतर बाजूला पडावे आणि पहिल्या खेळीपासून डोके चालवावे, हा त्याचा हेतू. आरंभीच आपापल्या मनाप्रमाणे अनेक खेळ्या करून मांडणी करणारे आपले जुने उस्ताद हे पाहून गालातल्या गालात हसले असते.

पालक विचारतील, मग मुलांना शतरंज शिकवावी की नाही? सुलतान खान यांच्या मुलाने आपल्या वडिलांची एक आठवण सांगितली आहे. कापाब्लांकाला हरविणारा हा माणूस आपल्या मुलांना शतरंज शिकवीत नसे. आयुष्यात याहून काही उपयोगी करा, असे तो त्यांना सांगे. विलायतेत पाच वर्षे थंडी, ताप आणि परकी भाषा सोसून आलेल्या बापाचे हे बोलणे. मिस फातिमा यांनी म्हातारपणी सांगितले होते की, मायदेशी परतल्यावर त्यांना तुरुंगातून सुटल्यासारखे वाटले.